किड्याची रेघ

फेब्रुवारीत सिमरिसहामनमध्ये उजेड
दुकान उघडायला माझ्यासोबतच येतो,
अर्धवट झोपेत, पायरीवर अडखळत.
मी शेगडी पेटवते, कॉफी ठेवते,
उभ्या घड्याळांना किल्ली देते.
तीन घड्याळं, तिघांच्या तीन तऱ्हा.
गिऱ्हाईक विचारतं, यातलं बरोबर कुठलं?
मी म्हणते, तुम्ही घ्याल ते.

धंदा असा, की कुणीतरी मरतं.
मुलं स्टॉकहोमहून दोन दिवसांची रजा काढून येतात
आणि मला फोन करतात.
मी व्हॅन घेऊन जाते.
तांब्याची किटली. पेटाऱ्यावर रंगवलेलं नवरीचं नाव,
शेश्टिन निल्सदॉटर, १८२३.
आणि टेबलक्लॉथ, इतके,
की एका घरात एवढी माणसं जेवली कधी?
मुलगी म्हणते, सगळं न्या, सगळं.
मी व्हॅनचं दार लावेपर्यंत
धावत येऊन एक बशी परत मागते.
एकच. नेहमी एकच.
हल्ली मी बशा सगळ्यात वर ठेवते.

लाकूड जुनं आहे की जुनं केलंय
हे मला म्हाताऱ्या आल्गोतनं शिकवलं.
त्याच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं होती.
भोकात टाचणी घाल, म्हणायचा.
सरळ आत गेली तर माणसाचं काम.
किड्याला सरळ रेघ येत नाही,
त्याला कुठे पोचायचंच नसतं,
तो नुसता जेवत असतो.

मग तो हिवाळा आला. कुठल्या सालचा, ते राहू दे.
रुंगेर गेला होता, जाताना चांगली शिडीही घेऊन गेला.
मी बंद पडलेल्या शाळेतली पाइनची खुर्ची आणली,
कॉफीच्या चोथ्यानं रंगवली, साखळीनं बडवली,
आणि बारीक ड्रिलनं
तेहतीस भोकं पाडली. मोजून.
ल्यूबेकच्या एका जोडप्यानं घेतली.
बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला,
म्हणाल्या, किती सोसलंय हिनं.
मी पावतीवर १७९० लिहिलं.
अक्षर छान आलं.
भाडं भरलं.

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणे.
माझ्या मनात एकोणीस वर्षं ड्रिल.
बोर्नहोमच्या बोटीवर, रोस्टॉकच्या बाजारात,
ओलसर गोदामांत, पाद्र्यांच्या माळ्यांवर,
चांदीचे चमचे बघत बघत
मी कोपऱ्यातल्या खुर्च्या बघायचे.

ऑलबोर्गच्या लिलावात दिसली.
क्रमांक दोनशे चौदा. ‘ग्रामीण, अठरावं शतक,
मूळ अवस्थेत.’
कॉलरमधली टाचणी काढली.
पहिलं भोक सरळ. माझं.
दुसरं, तिसरं, माझंच.
चौथ्यात टाचणी अडली,
जरा वाकली,
आणि कुठेतरी डावीकडे गेली.

गुडघ्यांवर बसून सगळी मोजली.
एक्केचाळीस.

एक दंतवैद्य माझ्यावर बोली चढवत होता.
मी हात खाली घेतलाच नाही.
विकली होती त्याच्या चौपट मोजले,
आणि परतीच्या वाटेवर तिला
व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर, पट्टा लावून बसवलं.

किडका माल दुकानात आणायचा नाही,
हाही आल्गोतचाच नियम.
दोन आठवडे बर्फात ठेव, मग आण.
बंदरावरच्या ट्यूरेनं त्याच्या फ्रीझरमध्ये
कॉडच्या खोक्यांशेजारी जागाही करून ठेवलीय.
दर सोमवारी तो विचारतो.
मी म्हणते, या आठवड्यात पाठ धरलीय, पुढच्या बघू.

खुर्ची वर, माझ्या स्वयंपाकघरात आहे.
सकाळी तिच्या पायाशी
पिठाची चिमूट सांडल्यासारखा भुसा असतो.
केरसुणी घेण्याआधी मी त्याला बोट लावून बघते.
ताजा असतो.