पोच

गफ्सा. कोर्टासमोर गाडीत आम्ही दोघं, सकाळचे आठ.
फॉस्फेटची धूळ काचेवर, नेहमीपेक्षा कमी.
बाबाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत तो कागद.

कागद म्हणतो :
चामडी पट्टा, एक.
मनगटी घड्याळ, एक, काच तडकलेली.
बुटांच्या नाड्या, एक जोड.
रोख चार दिनार, तीनशे मिलीम.
खाली गोल शिक्का आणि एक सही,
तुटूनही वळवळणाऱ्या पालीच्या शेपटीसारखी.

माणूस, एक – असं कुठं लिहिलेलं नाही.

हिशेबाला चोख होतं सरकार त्या वर्षी.
काच आधी तडकली की नंतर,
उद्या वाद नको, म्हणून तेही नोंदवलं.
खांदा आत गेला तेव्हा कसा होता
आणि एकोणीस दिवसांनी बाहेर आला तेव्हा कसा,
ही नोंद आईनं ठेवली,
सदरा चढवायची नवी रीत शिकून :
आधी दुखरा हात, मग डोकं, मग दुसरा.

मी आठ वर्षांची.
आमच्या घरात कोंबडी भाजणं बंद झालं,
का, ते कुणी सांगितलं नाही.
मला कळलं ते तिसऱ्या सुनावणीला.
हायेत वकीलबाईंनी विचारलं, कसं टांगलं होतं?
बाबा म्हणाला, दांडीला. भाजायला लावतात तसं.
टंकलेखक म्हणाला, जरा सावकाश सांगा.

त्याआधी शपथ होती.
तीजानी हमरूनी, उजवा हात वर करा.
बाबानं केला, छातीपर्यंत.
आणखी वर.
हात तिथंच राहिला, थरथरत,
जणू कुणी अदृश्य माणूस तो खाली ओढतोय.
समोर आरोपींच्या सात खुर्च्या. सातही रिकाम्या.
ज्यांचे खांदे धड आहेत
त्यांनी केव्हाच दोन्ही हात वर केलेत.

समन्स परत आलं : पत्ता सापडत नाही.
मंत्रालयाचं पत्र आलं : त्या काळचं दप्तर आढळत नाही.
पुढली तारीख. मग न्यायाधीश बदलले. पुढली तारीख.
आजची तेविसावी.
बाबा विजार डाव्या हातानं धरून चालतो.
नवा पट्टा घे म्हटलं की म्हणतो,
आहे की. सरकारजमा आहे.

मी बाजारामागच्या औषधाच्या दुकानात असते.
गेल्या मंगळवारी एक म्हातारा आला,
इस्त्रीचा कोट, पांढरी मिशी, मला "पोरी" म्हणाला.
रक्तदाबाच्या गोळ्या, तीन महिन्यांच्या.
शिक्क्याचं बिल दे हं,
निवृत्त माणूस, सरकार पैसे परत देतं.
फॉर्मवर नाव. मी पेन टेकवलं आणि थांबले.
आरोपी क्रमांक चार.
पेन्शन क्रमांक त्यानं पाठ म्हणून दाखवला.
पत्ताही स्वतःच सांगितला,
गल्ली, घर, निळं दार,
पोस्टमन कधी चुकत नाही, म्हणाला.
मग सही केली.
शेपटी वयानं थोडी अडखळली,
पण वळवळ तीच.

मी गोळ्या मोजून दिल्या. नव्वद. एकही कमी नाही.
हे का केलं, मला अजून नीट सांगता येत नाही.
बिलाची एक प्रत दुकानात राहते.
ती आता पिशवीत आहे,
बाबाच्या कागदाला खेटून.

हे सगळं मी त्याला आत्ता सांगितलं, गाडीत.
तो बराच वेळ काचेवरची धूळ बघत होता.
मग विचारलं,
काय होतंय त्याला?
रक्तदाब.
मीठ कमी खा म्हणावं, बाबा म्हणाला,
खटला उभा राहीपर्यंत टिकला पाहिजे.

आणि उतरून दार लावलं,
जरा जोरातच.