दोन महिने पुढे

डोंगरावर रात्री हेडलाइट लावायचे नाहीत.
बारीक पिवळे दिवे, वीसचा वेग,
आणि वळणं पाठ पाहिजेत.
एकोणीस वर्षं व्हॅन चालवतोय,
बत्तीसच्या बत्तीस पाठ आहेत.

पहाटे चहाचा थर्मास आणि पाव घेऊन वर गेलो
तर ग्रेसिएलाबाईंनी दुर्बीण पार खाली वाकवलेली,
बकरी पाणी प्यायला वाकते तशी,
तोंड आंदेसच्या कडेला.
म्हटलं, "इतक्या खाली काय सांडलंय?"
"दगड," त्या म्हणाल्या. "आपल्याच वाटेवरून चाललाय.
आपल्या पुढे."

चहा ओतेपर्यंत त्यांनी सांगितलं :
सूर्याभोवतीची जी वाट पृथ्वीची, तीच ह्याची.
किलोमीटरभर असेल. काळा.
अंतर कायम, म्हणजे अगदी कायम नाही,
प्यायलेल्या माणसासारखा हेलकावतो,
पुढे सटकतो, मागे रेंगाळतो,
पण वाट सोडत नाही. निदान चार हजार वर्षं तरी.
मग जाईल.
"कुठे?"
"ते त्यालाही माहीत नाही."

गुरूकडे म्हणे असे हजारो,
एक छावणी पुढे, एक मागे,
जुन्या कुठल्या युद्धातल्या दोन्ही बाजूंची नावं देऊन.
आपल्याकडे मिळून सापडले दोन. दोन्ही पुढेच.
गरिबाघरी पाहुणे कमी.

"पण किती पुढे?"
"दोन महिने. आज तो जिथे आहे
तिथे आपण मार्चच्या मध्यावर पोचू."

मार्चच्या मध्यावर.
म्हणजे खाली एल्कीच्या खोऱ्यात द्राक्षं उतरत असतील,
पिस्कोच्या भट्ट्यांचा वास कपड्यांना चिकटेल,
आणि तिकडे कालामात, तांब्याच्या खाणींच्या धुळीत,
माझ्या मिलेन्काचे दिवस भरलेले असतील.
तो दगड आत्ता तिथे आहे.
विचारू नये ते विचारून गेलो,
"मग त्याला दिसत असेल का?"

बाई हसल्या नाहीत.
(मला त्या कधीच हसत नाहीत,
म्हणून त्यांचा पाव मी फडक्यात गुंडाळून गरम आणतो.)
म्हणाल्या, "नोल्बेर्तो, तिथे काही ठेवलेलं नाही.
नुसती जागा आहे.
मार्च आपणच बरोबर घेऊन जातो."

"आणि मागे? मागे कोण?"
"तिथेही खूप शोधलं. अजून कुणी सापडलं नाही."

मागे म्हणजे नोव्हेंबर.
नोव्हेंबर म्हणजे दारात मिलेन्का,
खांद्यावर बॅग, एक चप्पल तुटलेली,
आणि मी जे बोललो ते.
मागून येणारं कुणी नाही
ते वाटेवरून उचलायला.
आणि बाईंच्या हिशोबाने
ते तिथे पडलेलंही नाही.
तेही मीच घेऊन फिरतोय,
सेकंदाला तीस किलोमीटर.

कड पांढरी झाली तसा दगड पडद्यावरून पुसला गेला.
बाईंनी वहीत वेळ लिहिली, पावाचा तुकडा तोडला,
"उद्या जमलं तर परत," म्हणाल्या,
मला की त्याला, कळलं नाही.

उतरताना खालचं खोरं कामांचाकाने भरलेलं,
समुद्रावरून येतं ते धुकं,
भिजवतं सगळं, पण थेंब म्हणून पडत नाही.
सव्विसाव्या वळणाला फोनला रेंज येते.
व्हॅन कडेला घेतली.
फोन खिशातच.
आधी हेडलाइट लावले, इथे चालतात.
उजेड दोन हात गेला आणि धुक्यात थांबला.
काचेवरचं पाणी पुसलं. आरसा पुसला.
तो पुसलेलाच होता.

मग लावला.
सहाव्या रिंगला तिने उचलला.
"काय?"
एवढंच.

सकाळचे सहा वाजले होते,
आणि मी विचारलं,
"जेवलीस का?"