गुरुवारच्या तासाचं टाचण

जेवणाची भांडी तशीच भिजत टाकून
मी उद्याचं टाचण काढायला बसते.
बातुमीच्या बंदरात नऊचा भोंगा.
वहीत तीन रकाने: वेळ, काम, हेतू.
तिसरा मी शेवटी भरते,
तोही तपासणीस येणार असेल तरच.

पहिली पाच मिनिटं नमस्कार-चमत्कार.
खरं तर दहा लिहायला हवीत.
मुर्मान क्रेनवरून उतरून थेट येतो.
चाळीस टनांचा डबा अंड्यासारखा अलगद ठेवणारा माणूस,
पेन्सिलीचं टोक पहिल्याच ओळीत मोडतो.

पुढची पंधरा: ही आणि शी.
आमच्या भाषेत तो, ती, ते, तिघांत मिळून एकच शब्द;
इतकी शतकं कुणाचं काही अडलं नाही.
मुर्मान बायकोला ही म्हणतो, क्रेनला शी.
मागच्या खेपेला मी फक्त पहिलं दुरुस्त केलं.

मग संवाद. पुस्तकातले मिस्टर हॉवर्ड
शनिवारी टेनिस खेळतात, रविवारी हिरवळ कापतात.
इझोल्दानं हात वर करून विचारलं होतं,
हा माणूस आजारी आहे का?
याच्याकडे कुणी जेवायला कसं येत नाही?
हॉवर्डना मी खोडते.
त्यांच्या जागी इझोल्दाची नात. टोरोंटो, वय वर्षं चार.
व्हिडिओवर ती पोर ‘मामा’ अशी हाक मारते,
आमच्याकडे त्यावर बापानं वळून बघायचं.
तिकडे आई बघते.
आजीला कर्मणी प्रयोग नको, शर्तीची वाक्यं नकोत,
सहासात तुकडे हवेत:
दात दाखव. हे चित्र कुणी काढलं? हळू खा.
पुन्हा सांग, मला कळलं नाही.
‘पुन्हा सांग’ला दोन मिनिटं जादा.

प्रकरण सहा: माझं घर.
देअर इज, देअर आर. खोल्या, खिडक्या, जिना.
दोन सत्रं मी हे प्रकरण गाळत आले.
त्सियालाचं घर सुखुमीत आहे
(बघा, मलाही जमत नाही)
इज की वॉज, तीस वर्षांत कुणी ठरवलेलं नाही.
किल्ली पर्समध्ये असते,
पर्स बाकावर ठेवली की वाजते.
म्हणून मी ‘माझा बाजार’ शिकवला.
देअर आर टोमॅटोज.
टोमॅटोनं कुणाचं काही दुखत नाही.

पण सोमवारी खुर्च्या उलट्या करून ठेवताना
तीच म्हणाली, आमच्याच भाषेत, आवाज खाली घेऊन:
बाई, पाचानंतर तुम्ही सातवं काढलंत.
माझ्याकडे पोलिश पाहुणे उतरतात,
विचारतात, तुम्ही मूळच्या कुठल्या.
गावाचं नाव मला सांगता येतं.
मला खिडक्या सांगायच्यात.

तर लिहिते. वेळ: चाळीस मिनिटं.
साहित्य: कोरे कागद, रंगीत पेन्सिली,
मुर्मानसाठी टोकयंत्र.
काम: आपल्या घराचा आराखडा काढून शेजाऱ्याला समजावणे.
चुका तिथल्या तिथे दुरुस्त करू नयेत.
इज म्हणाली तर इज, वॉज म्हणाली तर वॉज,
मधेच बदललं
तर खडू खाली ठेवावा.

हेतू:
भांड्यांतलं पाणी एव्हाना गार झालंय.
रकाना तसाच सोडते.
तपासणीस आलाच तर त्यालाही कागद देईन,
म्हणेन, बसा, तुमचं काढा.
पेन्सिली आठच आहेत, माणसं अकरा.
निळी वाटून घ्यावी लागेल.