पेन्सिलीची रेघ

नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर आहे,
विद्यापीठाच्या बांधकाम शाखेत, तिसऱ्या कपाटात,
डांबरगोळ्यांच्या वासात.
खाली सही: ना. भि. खानविलकर, ओव्हरसियर.
तारीख उंदरांनी खाल्ली.

रस्ते सगळे काटकोनात.
कडुनिंबांसाठी हिरव्या टिकल्या, चौदा-चौदा फुटांवर.
घुमटाच्या जागी कंपासचं टोक रुतलेलं,
ते भोक अजून बोटाला लागतं.

भूखी कांस मात्र दोनदा काढलीय.
एकदा शाईनं: सरळ, शहाणी,
कुंपणाच्या भिंतीला धरून चालणारी.
आणि एकदा पेन्सिलीनं, अगदी फिकी,
वसतिगृहाच्या पोटातून, सायकल स्टँडवरून,
वळत, रेंगाळत
विश्वामित्रीकडे.

शेजारी मोडीत एक ओळ.
मला लागेना. दांडिया बाजारातल्या सबनीसांनी
भिंग लावून वाचली, आणि भिंग पुसत बसले:
‘साहेबांस दोनदा कळविले. ऐकत नाहीत.’

त्या ऑगस्टात पाणी आलं.
शाईकडे ढुंकूनही न बघता
पेन्सिलीवर बोट ठेवून वाचावं तसं आलं,
एकही वळण न चुकवता.

पहाटे रणछोडभाई वॉचमन ओरडत जिन्यावर:
‘साहेब, मगर छे!’
सायकल स्टँडच्या पत्र्याखाली
ती पडली होती निवांत,
फी भरलेल्या विद्यार्थ्यासारखी.

आज टेबलावर नव्या इमारतीचा नकाशा आलाय.
कॉम्प्युटरवरचा. नाला कुठेच नाही,
शाईतसुद्धा.

मी पेन्सिलीला टोक काढतोय.
मोडी मला येत नाही,
देवनागरीत लिहीन.