अन्यभाषा

हिल्काला अन्यभाषेचं दान मिळालं नाही.
मंडळीत हे कुणाला ठाऊक नव्हतं;
पाळकाची बायको, म्हणजे मिळालंच असणार.

लापुआच्या तंबूत, मी एकोणीस वर्षांचा,
माझी जीभ माझ्या हातून सुटली.
दोन तास, म्हणतात. मला घाम तेवढा आठवतो
आणि तंबूच्या ओल्या कापडाचा वास.
शेजारच्या बाकावर हिल्काचे ओठ हलत होते.
लग्नानंतर सांगितलं तिनं:
सतराचा पाढा म्हणत होते,
कुणी काही विचारू नये म्हणून.

मग रुक्वा सरोवर. एकतीस वर्षं.
पहिल्या रविवारी मी पवित्र आत्म्याला
स्वाहिलीत कचरा म्हणालो,
एक अक्षर इकडचं तिकडे. लोक आमेन म्हणाले.
हिल्का हसली नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन
लेडिसियाच्या अंगणात जाऊन बसली,
मासे वाळवायच्या चटयांपाशी.

संध्याकाळी मला शिकवायची:
या भाषेत माणसांची नामं एका दावणीला,
झाडांची दुसऱ्या. नदी झाडांत. भाकरी झाडांत.
काळीजही झाडांतच, तूरे, माणसांत नाही.
आंधळा नि लंगडा मात्र वस्तूंत धरतात.
त्यावरून भांडूनच आली होती ती.
लेडिसिया म्हणाली म्हणे,
भाषा आम्ही केली नाही, बाई, आम्हाला मिळाली.

ताबूचा ताप. ताबू लेडिसियाची थोरली.
तीन रात्री मी गुडघ्यांवर,
जीभ सुटलेली, आवाज बसलेला.
चौथ्या पहाटे पोरीनं उठून पेज मागितली.
ती साक्ष मी फिनलंडात अकरा मंडळ्यांपुढे दिली,
तिच्यातून चर्चचे पत्रे आले.
पहिल्या बाकावर हिल्का, मांडीवर हातमोजे.
साक्षीत मी सायकल वगळली होती.
चिखलातून दहा कोस, पाठीला ताबू बांधून,
कॅथलिक नन्सच्या दवाखान्यापर्यंत, आणि परत.
हिल्का त्यावर कधी बोलली नाही.
एकदाच, पत्र्यांवर पाऊस वाजत असताना, म्हणाली,
किती मोठ्यानं बोलतात हे.

आता कोक्कोला. वृद्धाश्रमातली खोली,
दुपारी तीनलाच खिडकीत अंधार.
आधी माझं नाव गेलं तिच्यातून,
मग चमचा, मग बर्फ.
फिनिश सगळी ओसरली.

गुरुवारी मध्यरात्री नर्सचा फोन:
पाळकसाहेब, लवकर या,
बाईंवर आत्मा उतरलाय.
पोर विश्वासी घरातली. मी पोचलो तेव्हा
पलंगाची कड धरून रडत होती.
अर्थ सांगाल का, म्हणाली.

आयुष्यभर अर्थच सांगत आलो मी
दुसऱ्यांच्या जिभांचे, फारसं न अडखळता.
म्हटलं: ती म्हणतेय, मासे झाकून ठेवा,
मांजर टपलंय.
आणि बादलीला सहाशे फार होतात.

नर्स थांबून राहिली,
पुढचं काही येईल म्हणून.

मी खुर्ची ओढली. जमेल तशा स्वाहिलीत म्हटलं,
बरं बाई, पाचशे दे, आणि पवित्र आत्मा तुझं…
हिल्कानं डोळे उघडले
आणि माझा उच्चार सुधारला.