आतली कडी

संध्याकाळी सुतारशाळेत माणसांआधी हत्यारं मोजतात.
पटाश्या सतरा, रंधे सहा, गुण्ये चार.
एकदा मोजून पुन्हा एकदा.
मग माणसं. माणसं एकदाच.

वागळे इस्टेटच्या आयटीआयमध्ये मी एकतीस वर्षं
पोरांना कुसू पाडायला शिकवलं.
निवृत्तीनंतर इथे, ठाण्याच्या या दगडी तटाआड.
इथे पोरं नाहीत. इथे कोलशेतचा तुळशीराम तरे,
वय बावन्न, जाळी विणलेली बोटं,
पहिले दोन महिने सागाची फळीही
निसटेल म्हणून घट्ट धरायचा.

चौथीत अडलेले अपूर्णांक त्याला पट्टीवर सुटले.
पाऊण म्हणजे सहा सूत.
"एवढंच होतं?" म्हणाला,
आणि बराच वेळ पट्टीकडे बघत राहिला.

त्याचं कलम मी वाचलं नाही.
खोटं बोलतोय. एकदा वाचलं.
त्या दिवशी पटाशी त्याच्या हातात न देता
बाकावर ठेवली.
त्यानं ते पाहिलं, आणि उचलली.

मग काम आलं, कळव्याच्या पालिका शाळेचं,
मुलींच्या संडासाचे आठ दरवाजे.
तरेनं जीव लावला. कोपरे काटकोनात,
बिजागऱ्या तोलात, बोटानं ढकललं की
दार पाण्यासारखं फिरे.
आणि कड्या
आठही बाहेरून.

"तरे, कडी आतून लागते ना रे."
"आतून?"
चौदा वर्षं झाली होती त्याला.
"मग बाहेरच्यानं काय करायचं?"
"थांबायचं."

तो हसला नाही. पेचकस मागितला.
बत्तीस स्क्रू काढले, वाटीत ठेवले, मोजले,
बत्तीस भोकांत सरस आणि भुसा दाबून भरला,
दुसऱ्या दिवशी पॉलिशपेपर मारत बसला जेवणाची घंटा होईपर्यंत.
तरी कळतात ती भोकं,
उजेड तिरपा पडला की.

दारं बसवायला मी गेलो.
शेवटचं दार बसवतोय तोच एक पोरगी आली, दोन वेण्या, घाईत,
माझ्याकडे, दाराकडे पाहिलं,
आत गेली.
खट्.

मी हातोडी घेऊन तसाच बाहेर उभा.
आयुष्यभर दारं केली,
हा आवाज कधी ऐकला नव्हता असा.

संध्याकाळी पटाश्या सतरा.
सतरावी तरेनं दिली, मूठ माझ्याकडे करून,
धार स्वतःकडे.
"कड्या घट्ट तर जात नाहीत ना, मास्तर?
लहान बोटं असतात."
"पाचवी जरा अडते," म्हटलं.
"किती?"
"अर्धा सूत."
त्यानं मान हलवली.
मोजणी सुरू झाली तेव्हाही
त्याचा अंगठा तर्जनीवर
मागेपुढे सरकत होता.