दहा होऊ द्या

एका कुपीत दहा जण.
एकदा उघडली की चार तास, मग उरलं ते फेकायचं.
म्हणून आम्ही माणसं मोजतो.
साडेअकरापर्यंत नऊ झाली
आणि मग कोणी येईचना.

जिन्सी नाल्याजवळच्या शाळेत, तिसरी 'ब'च्या वर्गात
मी संगणकापुढे बसते. मुळात मी गणिताची.
बाहेर ग्वाल्हेरचा जून, चव्वेचाळीस अंश,
आत निळ्या डब्यात बर्फ, बर्फाच्या कुशीत
अंगठ्याएवढी काच.
सिस्टर विमला कुशवाह त्या डब्यावर हात ठेवून बसलेली,
निजलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसा.
"दस होने दो, मैडम."

तोवर मी नऊ जणांना पाठ झालेलं सांगते:
उपाशी आला असाल तर काही खाऊन घ्या.
टोचलेली जागा चोळू नका.
नंतर अर्धा तास शेजारच्या वर्गात, हलायचं नाही.
रात्री कणकण आली तर घाबरू नका, गोळी घ्या, पाणी प्या.
दुसरा डोस चुकवू नका. मास्क काढू नका.
एक जण विचारतो, घेतल्यावरही होतो म्हणे?
होतो, मी म्हणते, पण बहुतेकदा घरच्या घरी निभावतो.
'बहुतेकदा' मी गिळत नाही.
गणितात त्या शब्दाला जागा आहे.

मग एक बाई आल्या. फोन पुढे धरलेला,
चिमट्यात निखारा धरावा तसा.
"ये मैसेज बंद करवाना है."
मी वाचला. मधुसूदन पोतनीस,
आपल्या दुसऱ्या डोसची तारीख झाली आहे.
आडनाव पाहून मी मराठीत म्हटलं, ते नाही आले?
त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

पहिला मार्चात घेतला, त्या म्हणाल्या.
चौथ्या दिवशी मुरैन्याला लग्नाला गेले,
आता आपल्याला काय होतंय म्हणत,
मास्क खिशात घालून.
लस अंगात मुरायला आठवडे लागतात
हे त्यांना कोणी सांगितलंच नाही हो.

मार्चात या खुर्चीवर मीच होते.
सांगितलं असेल मी. सांगतेच मी.
त्या दिवशी दोनशे माणसं होती,
पंखा मोठ्याने वाजत होता,
आणि त्या यादीतलं हे एक वाक्य
मी त्यांच्याशी बोलले की माझ्याशीच,
आठवत नाही.

मेसेज बंद करायचं बटण माझ्या पडद्यावर नव्हतं.
तसं सांगितलं. मग विचारलं, तुम्ही घेतलीत?
"मी? माझ्या नावाने मेसेज आलाच नाही कधी."

पर्स उघडली. आधी त्यांचं आधार कार्ड बाहेर आलं,
त्याला चिकटलेलं, मागून, स्वतःचं.
ते सोडवायला त्यांना वेळ लागला.
नाव: प्रमिला. वय एकोणसाठ.
आजाराच्या रकान्यात काय लिहू, मी विचारलं.
लिहा साखर, त्या म्हणाल्या, थोडी.
थोडी असा रकाना नव्हता. मी 'हो' दाबलं.

दहा.
सिस्टरने टोपण उडवलं.

पाऊण वाजता तिने रिकामी कुपी उजेडात धरली.
तळाशी अजून एक माप होतं. निघतं कधीकधी.
फाटकासमोर कालीचरण इस्त्री करतो.
दोनदा नाही म्हणून झालंय त्याचं:
दो दिन बुखार आया तो कपड़े कौन करेगा.
मी उठणार, इतक्यात शेजारच्या वर्गातून,
पहिलीच्या बुटक्या बाकावर गुडघे मुडपून बसलेल्या
पोतनीस बाई खिडकीशी गेल्या.
हलायचं नाही असं बजावलं होतं मी.
गज धरून त्या ओरडल्या, इथल्याच हिंदीत,
जिला आमचा मराठी खडा लागतोच:
"ओ भैया, आओ ना! बुखार आया तो आया,
कपडे रुकेंगे. एकच बची है!"

कालीचरणने वर पाहिलं.
मग कोळशांवर राख ओढली,
आणि अर्धा झालेला सदरा
तसाच घडी करून ठेवला.